शब्दही तिचे, नावही तिचं

जात्यावर बसलेल्या बाईला आपल्या समाजाने जेवढं बोलू दिलं, तेवढं दुसऱ्या कुठल्याच जागी बोलू दिलं नाही. सासूचा जाच, नवऱ्याचा मार, माहेरची ओढ, भावजयीने फिरवलेलं तोंड, रामाने सीतेवर केलेला अन्याय, हे सगळं ती भल्या पहाटे मोठ्याने गायची. माजघरात झोपलेल्या सासऱ्याला ते ऐकू जायचं, ओसरीवरच्या नवऱ्यालाही. दिवसाउजेडी तिने यातलं एक वाक्य जरी तोंडातून काढलं असतं तरी पाठीवर वळ उठले असते. ओवीला मात्र कुणी हात लावला नाही. कारण ओवी तिची एकटीची मानली जात नव्हती. ‘बायका म्हणतात तसं म्हणतेय’ एवढ्यावर ते भागत होतं. ओवीत भावाचं नाव येतं, लेकाचं येतं, गावाचं येतं, विठोबाचं तर येतंच. गाणारीचं क्वचित. आपल्या लोकपरंपरेने बाईला जी सवलत दिली, तिची किंमत ही होती: हवं ते म्हण, पण ते तू म्हणालीस असं कुणाला कळू देऊ नकोस.

लावणीचा व्यवहार याच्या बरोबर उलटा. तिथे बाईचं नाव फडाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत. पवळाचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, विठाबाई नारायणगावकरांचं नाव तर महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात पोहोचलं, त्यांना राष्ट्रपती पदक मिळालं. पण लावणीतली ती ‘मी’, जी सख्याची वाट पाहते, रुसते, अंगाची आग सांगते, ती पुरुषाच्या लेखणीतून उतरलेली आहे. राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, पट्ठे बापूराव. गळा बाईचा, शब्द पुरुषाचे, आणि समोर ऐकायलाही पुरुषच. म्हणजे जात्यावर शब्द तिचे होते पण नाव नव्हतं, फडावर नाव तिचं होतं पण शब्द नव्हते.

संत स्त्रियांनी दोन्ही मिळवलं असं म्हणायला मन धावतं, पण तिथेही जरा थांबावं लागतं. जनाबाईने अभंगाखाली नाममुद्रा घातली ती ‘नामयाची जनी’ अशी. सोयराबाईची ‘चोखयाची महारी’. आमच्या उमरगा तालुक्यातल्या मुरुमपासून फार लांब नाही असं बसवकल्याण. बाराव्या शतकात तिथे पोहोचलेल्या अक्कमहादेवीने आपल्या वचनांवर चेन्नमल्लिकार्जुनाची मुद्रा उमटवली. कौशिक राजाला आणि संसाराला पाठ दाखवून निघालेली ही बाई. आमच्या तालुक्यातल्या लिंगायत घरांमध्ये तिचं नाव आजही हात जोडून घेतलं जातं. या स्त्रियांच्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे, आणि त्यांच्या भक्तीला आजच्या मोजपट्ट्या लावायचा माझा बिलकूल हेतू नाही. तरी एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. बाईला आपलं नाव लिहायचं तर त्याला गुरूच्या, नवऱ्याच्या नाहीतर देवाच्या नावाचा टेकू लागत होता.

ही सगळी पार्श्वभूमी मी मांडते आहे ती अमेरिकेतल्या दोन बायकांबद्दल लिहिण्यासाठी. एमी रे आणि एमिली सॅलियर्स. दोघी मिळून ‘इंडिगो गर्ल्स’. दोघीही समलैंगिक, दोघींची संगीताची जात फोक-रॉक, म्हणजे लोकगीताची बैठक आणि तिला गिटार-ड्रमची धार. त्यांच्याकडे वळायचं कारण साधं आहे. मराठीत अशी गायिका, जिने लोकसंगीताच्या चालीत स्वतः लिहिलेलं, स्वतःच्या नावाने, एका बाईवरचं आपलं प्रेम गायलं आणि त्यावर आयुष्य काढलं, मला दाखवता येत नाही. अशा बायका आपल्याकडे झाल्याच नाहीत, असा याचा अर्थ मी घेत नाही. जात्यावर शेजीला, मैतरणीला उद्देशून लाखो ओव्या गायल्या गेल्या. त्यातली एखादी ओवी कुठल्या ओढीने गायली गेली, हे आता कोण सांगणार? निनावीपणाने तेवढं चोख काम केलं आहे.

एमिलीचा जन्म 1963 चा, एमीचा 1964 चा. जॉर्जिया राज्यात अटलांटा शहराला लागून डिकेटर नावाचं गाव आहे, तिथल्या प्राथमिक शाळेत दोघींची ओळख झाली. हायस्कुलात असताना त्या एकत्र गाऊ लागल्या. पुढे शिकायला दोघी वेगवेगळ्या शहरांत गेल्या, तिथे मन रमेना, आणि दोघींनीही आपापल्या परीने परत येऊन अटलांटातल्या एमरी विद्यापीठात नाव घातलं. 1985 मध्ये एमीला शब्दकोश चाळताना ‘इंडिगो’ हा शब्द आवडला आणि जोडीचं नाव ठरलं. छोट्या बारमध्ये गाणं, स्वतःच्या पैशाने तबकडी काढणं, ती कार्यक्रमाच्या जागी विकणं असं करत 1988 मध्ये एका मोठ्या कंपनीशी करार झाला. 1989 साली त्यांच्याच नावाचा अल्बम आला. दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या आणि पुढच्या वर्षी समकालीन लोकसंगीताचा ग्रॅमी त्याला मिळाला.

त्याच 1990 च्या ग्रॅमीत ‘सर्वोत्कृष्ट नवे कलावंत’ या पुरस्कारासाठीही त्यांचं नाव होतं. तो मिळाला मिली व्हॅनिली या जोडीला. काही महिन्यांनी उघड झालं की त्या दोघांनी आपल्या तबकडीवर एक ओळही गायली नव्हती. गाणारे दुसरेच होते, हे फक्त ओठ हलवत होते. पुरस्कार काढून घेण्यात आला आणि तो पुन्हा कुणालाच दिला गेला नाही. दोन बायका स्वतः लिहितात, स्वतः वाजवतात, स्वतः गातात, आणि त्यांच्या समोरून सन्मान जातो तो ज्यांचा गळाच दुसऱ्याचा आहे त्यांच्याकडे. दुसऱ्याचे शब्द आणि दुसऱ्याचा गळा यावर बाजार किती सहज चालतो, याचा याहून स्वच्छ नमुना शोधून सापडणार नाही.

त्यांच्या गाण्याची रचना कानाने नीट ऐकली तर एक ओळखीची गोष्ट सापडते. जातं एकटीने ओढलं तर छाती भरून येते, म्हणून दोघी समोरासमोर बसतात. एक पाय लांब, दुसरा मुडपलेला. खुंट्यावर हातावर हात. एकीने मुठीतला घास जात्याच्या तोंडात टाकायचा, तेवढा वेळ दुसरीने ओढ सुटू द्यायची नाही. ओवीची पहिली ओळ एकीने उचलली की दुसरी तिच्यात मिसळते, आणि पहिलीला दम खायला जागा मिळते. एमी आणि एमिली नेमकं असंच गातात. एमीचा आवाज खालच्या पट्टीतला, भरड, थोडा खरखरीत. एमिलीचा वरचा, मोकळा. एक मुख्य आणि दुसरी साथीला, असं तिथे नसतं. दोघी दोन वेगळ्या ओळी धरतात, कधी शब्दही वेगळे असतात, आणि त्या ओळी एकमेकींना छेदत पुढे जातात. गाणी मात्र त्या सहसा एकत्र लिहीत नाहीत. प्रत्येकीचं गाणं प्रत्येकीचं. लिहून झालं की दुसरीपुढे ठेवायचं आणि मग स्वर बसवायचे. चाळीस वर्षांच्या सहवासात ही शिस्त क्वचितच मोडली आहे. स्वतःचं नाव आणि दुसरीची साथ या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, याचा हा चालता-बोलता पुरावा आहे.

वाचकांच्या मनात आलेला प्रश्न मला कळतो. या दोघी एकमेकींच्या जोडीदार का? नाहीत, कधीच नव्हत्या. प्रत्येकीचं घर वेगळं, संसार वेगळा. ही मैत्री आहे, शाळेतली. त्यांच्या देशातही लोकांना हे पटायला जड गेलं. दोन समलैंगिक बायका एकत्र दिसल्या की दुसरा अर्थ कुणाला सुचतच नाही, जणू अशा बाईला मैत्रीण असूच शकत नाही. आपल्याकडे याच्या उलट होतं. दोन बायकांमध्ये मैत्रीपलीकडचं काही असेल हे कुणाला सुचत नाही, आणि सुचलं तर घराचं दार बंद होतं.

इंडिगो गर्ल्सच्या आधी रस्ता तयार करणाऱ्या बायका होत्या. 1973 मध्ये काही स्त्रियांनी ऑलिव्हिया रेकॉर्ड्स नावाची कंपनी काढली. गायिका स्त्री, वादक स्त्रिया, ध्वनिमुद्रण करणारीही स्त्री. 1975 मध्ये त्यांनी काढलेला क्रिस विल्यमसनचा ‘द चेंजर अँड द चेंज्ड’ हा अल्बम मोठ्या कंपन्यांच्या दुकानांची वाट न पाहता खपला. घरगुती मैफली, स्त्रियांची पुस्तकांची दुकानं, टपाल, हा त्यांचा बाजार. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एखादी बाई धीट निघाली म्हणून अशी कारकीर्द उभी राहत नाही. तिला माइक लावून देणारी, तिची पेटी उचलणारी, तिकीट फाडणारी, शेवटच्या रांगेत बसून ऐकणारी माणसं लागतात. एमी रेने हे ओळखलं होतं. स्वतःला कंपनीचा करार मिळाल्यावर 1990 मध्ये तिने डिकेटरमध्ये डीमन रेकॉर्ड्स ही छोटी संस्था काढली, आसपासच्या, कुणी न विचारणाऱ्या कलावंतांसाठी.

आणि या स्वतःच्या जागांनाही कुंपण पडतं, हेही सांगितलं पाहिजे. मिशिगनमध्ये अनेक दशकं केवळ स्त्रियांचा एक संगीत महोत्सव भरत असे. इंडिगो गर्ल्स तिथे गात. पण जन्माने स्त्री असलेल्यांनाच प्रवेश, पारलिंगी स्त्रियांना नाही, असं त्या महोत्सवाचं धोरण होतं. 2013 मध्ये या दोघींनी जाहीर केलं की हे बदलेपर्यंत आम्ही पुन्हा गाणार नाही. 2015 ला तो महोत्सव बंदच झाला. ज्या अंगणात आपण वाढलो त्या अंगणाला ‘तुमचं हे चुकतंय’ म्हणणं परक्यांशी भांडण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. आपल्या समाजावरच्या अन्यायाबद्दल पोटतिडकीने बोलणारा माणूस स्वतःच्या भावकीतल्या पोरीबद्दल गप्प होतो, हे मराठवाड्यात राहणाऱ्या कुणाला सांगायला नको.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. इंडिगो गर्ल्सच्या आयुष्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ग्रॅमी नव्हे, त्या गेल्या नाहीत, ही आहे. जॉर्जिया हा अमेरिकेच्या दक्षिणेतला चर्चचा मुलूख. तिथली पोरगी वेगळी निघाली की तिने न्यूयॉर्क नाहीतर सॅन फ्रान्सिस्को गाठावं, असा रिवाज. आपल्याकडे तिने पुणे किंवा मुंबई गाठावी, तसाच. या दोघी मात्र आपल्या भागाला धरून राहिल्या. एमिलीने डिकेटरमध्येच भागीदारीत एक खाणावळ चालवली. एमी उत्तर जॉर्जियाच्या डोंगराळ खेड्यात राहायला गेली. एमिलीचे वडील डॉन सॅलियर्स हे एमरी विद्यापीठात धर्मशास्त्राचे प्राध्यापक आणि चर्चसंगीताचे जाणकार. 2005 मध्ये बाप-लेकीने मिळून संगीत आणि अध्यात्म यांवर एक पुस्तक लिहिलं. शनिवारी रात्रीचं बारमधलं गाणं आणि रविवारी सकाळचं चर्चमधलं गाणं ही एकाच माणसाची भूक कशी असते, हा त्यातला एक धागा. रात्री फडावर ढोलकी ऐकून पहाटे काकड्याला जाणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळं समजावून द्यायला नको. समलैंगिक लेक आणि धर्मशास्त्री बाप एका पुस्तकावर दोघांची नावं घालतात. मी या गोष्टीकडे पुन्हा पुन्हा येते, कारण आपल्याकडे हे होऊच शकत नाही असं गृहीत धरून आपण मुलींना बोलतं करण्याचा विषयच सोडून दिलेला आहे.

सगळं गोड होतं असं नाही. आपल्या समलैंगिकतेबद्दल एमी आधी बोलती झाली, एमिलीला वेळ लागला. तिला भीती होती, आणि ती खरी होती. 1998 मध्ये त्यांनी दक्षिणेतल्या काही हायस्कुलांत मुलांसाठी विनामूल्य गायचं ठरवलं. दक्षिण कॅरोलायनामधल्या अर्मो इथल्या शाळेत पालकांच्या तक्रारी आल्या, आणि गायिका समलैंगिक आहेत म्हणून मुख्याध्यापकांनी कार्यक्रम रद्द केला. मुलं निषेधाला उठली. जगभर गाजलेल्या दोन कलावंतांना त्यांच्याच भागातल्या शाळेच्या सभागृहाचं दार बंद झालं. वर्ष लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच 1998 च्या डिसेंबरात मुंबईत दीपा मेहतांच्या ‘फायर’ चित्रपटाच्या खेळांवर शिवसेनेच्या महिला आघाडीच्या कार्यकर्त्या चालून गेल्या. दोन जावांच्या प्रेमाची ती गोष्ट. ‘हे आपल्या संस्कृतीत नाही’ असं तेव्हा मुंबईत म्हटलं गेलं. जॉर्जिया आणि कॅरोलायनातली चर्चची माणसंही हेच म्हणत होती, हे आमच्याकडचं नाही, शहरातून आलेलं आहे. प्रत्येक गाव हे दुसऱ्या गावाचं म्हणतं. आणि आम्ही पश्चिमेचं म्हणतो.

या समजाला सर्वोच्च न्यायालयात शासकीय भाषा मिळाली. समलिंगी विवाहाच्या खटल्यात केंद्र सरकारने असं मांडलं की ही मागणी म्हणजे शहरी उच्चभ्रूंचं म्हणणं आहे. 17 ऑक्टोबर 2023 ला निकाल लागला, विवाहाचा हक्क मिळाला नाही. पण तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात त्या युक्तिवादाला स्पष्ट उत्तर दिलं. महानगरात इंग्रजी बोलणारा, पांढरपेशी नोकरी करणारा पुरुषच नव्हे, शेतात राबणारी बाईही तितकीच समलैंगिक असू शकते, असा त्याचा आशय. मी हे वाचलं तेव्हा मला उमरगा-मुरुमकडचं सोयाबीनचं रान दिसलं. खुरपणाऱ्या बायकांच्या ओळी, एका पातीवर दोघी-दोघी. एवढ्या बायकांत असं एकही मन नसेल, असं म्हणणाऱ्याने कशाच्या आधारावर म्हणायचं? त्याआधी 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 मधला समलैंगिकांना गुन्हेगार ठरवणारा भाग रद्द केला. मुरुमच्या मुलीला मात्र न्यायालयाआधी मामा, चुलता, भावकी आणि ‘स्थळ आलंय’ हा शब्द भेटतो.

मराठी कलेने या बाईकडे पाहिलंच नाही असं नाही. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ 1981 मध्ये रंगभूमीवर आलं. रोहिणी हट्टंगडींनी सुमित्रा उभी केली. चाळीस वर्षांपूर्वी मराठी प्रेक्षकांपुढे हे ठेवणं ही लहान गोष्ट नव्हती, आणि त्या धाडसाचं ऋण मानलंच पाहिजे. पण ती गोष्ट सांगतो कोण? बापू, तिचा मित्र. आणि शेवट होतो तो तिच्या आत्महत्येने. पुढच्याच वर्षी जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ आला. शांता निसळांच्या ‘बेघर’ कादंबरीवर बेतलेला. तिथे महिलाश्रमातल्या दोन स्त्रियांचं नातं दिसतं, तेही आश्रमाच्या अधीक्षिकेपुढे उभा राहिलेला एक प्रश्न म्हणून. दोन्हीकडे ही बाई ‘ती’ आहे. तिच्याबद्दल सांगितलं जातं, तिच्याविषयी निर्णय घेतला जातो, तिची दया येते. ती स्वतः ‘मी’ म्हणून समोर बसत नाही.

गाण्याचं सामर्थ्य इथेच आहे. नाटकाला लेखक लागतो, निर्माता लागतो, तालीम लागते. गाण्याला एक गळा पुरतो आणि गाणारी ‘मी’ म्हणते तेव्हा ते तिचंच असतं. एमिलीचं ‘क्लोजर टू फाइन’ हे गाणं पाहा. त्यात प्रेम नाहीच. एक तरुणी उत्तरं शोधत हिंडते, विद्वानाकडे जाते, धर्माकडे जाते, दारूच्या गुत्त्यापर्यंत जाऊन येते, आणि शेवटी तिला उमगतं की एकाच ठिकाणी सगळं सापडेल हा हट्ट सोडला की जगणं सोपं होतं. गिटारची सरळ, चालत्या माणसाच्या पावलांसारखी पडणारी लय, आणि कोरसला दोघींचे आवाज फुटून वर जातात. समलैंगिक गायिकेने गायलेलं म्हणून त्याचं वेगळं शीर्षक करावं लागत नाही. 2023 च्या ‘बार्बी’ चित्रपटात गाडी चालवताना बार्बी ते गाते, आणि आपल्या आयांची गाणी कधी न ऐकलेल्या मुली ते गुणगुणू लागल्या. बाईला असा सर्वांचा प्रश्न स्वतःच्या नावाने विचारता येतो, तेव्हा तिच्या प्रेमाचं गाणंही त्याच रांगेत सहज येऊन बसतं.

एक आक्षेप मात्र सुज्ञ माणसांकडून येतो, म्हणून त्याला उत्तर देते. गाणं चांगलं असेल तर गाणारीच्या खासगी आयुष्याशी आपल्याला काय करायचंय? ऐकायला हे उदार वाटतं. पण आपण रोज काय ऐकतो? मराठी भावगीतातला निम्मा ऐवज म्हणजे पुरुषाचं बाईवरचं आणि बाईचं पुरुषावरचं प्रेम. ते खासगी नाही का? पाडगावकरांच्या गीतातली ‘ती’ कोण, हे विचारण्यात आपल्याला कधी संकोच वाटला नाही. खासगीपणाची आठवण होते ती नेमकी ‘तू’ म्हणणारी बाई आणि जिला ‘तू’ म्हटलं तीही बाई असेल तेव्हाच. तिने आपल्या प्रेमाचं गाणं लिहावं, पण सर्वनाम बदलावं, किंवा ते देवाला उद्देशून आहे असं सांगावं. म्हणजे पुन्हा जात्याचीच सवलत. म्हण, पण तू म्हणालीस असं कळू देऊ नकोस.

दुसरा आक्षेप माझा मलाच छळतो. नाव घालणं ही चैन कुणाला परवडते? डिकेटरच्या एमिलीलाही ते सोपं गेलं नाही, तिच्या पाठीशी बाप असताना. आमच्या गावातल्या मुलीने आपलं नाव लावून असं गाणं गावं, असं म्हणायचा मला काय अधिकार? तिच्या जिवावर बेतलं तर मी लेख लिहून मोकळी. 2021 मध्ये मदुराईतून घर सोडून चेन्नईला आलेल्या दोन मुलींच्या अर्जावर मद्रास उच्च न्यायालयाने पोलिसांना आदेश दिले की अशा जोडप्यांना छळू नका. त्या मुलींना गाव सोडावं लागलंच. आपल्याकडेही आधार देणारी माणसं आहेत. मुंबईत 1995 पासून ‘स्त्री संगम’, जी पुढे ‘लेबिया’ झाली. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी ‘समपथिक’ उभी केली. खिऱ्यांनी मराठीत या विषयावर सातत्याने लिहिलं, हे मोठं काम आहे. पण मुरुमहून या जागा लांब आहेत, आणि तिथे पोहोचायला आधी घरातून पाय बाहेर पडावा लागतो.

म्हणून माझं म्हणणं मुलींना उद्देशून नाही. ते आपल्याला, ऐकणाऱ्यांना आहे. गावाला कलावंताला सामावून घेण्याची रीत नवी नाही. कोजागरीला नळदुर्ग, सोलापूरकडून तुळजापूरला जाणाऱ्या माणसांत आराधी असतात. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, संबळ आणि तुणतुण्यावर आई राजाचा उदो. त्यांत साडी नेसलेले पुरुषही असतात, आणि त्यांच्या पाया पडायला पाटलाच्या घरातली बाईही वाकते. देवीच्या दारात स्त्री-पुरुषाची रेघ थोडी पुसट करायला आपला समाज तयार होतो. देवीचा म्हटला की चालतो, स्वतःचा म्हटला की चालत नाही, एवढीच ती अडचण. परंपरेने एवढं दार किलकिलं ठेवलेलं असताना आपण ते परदेशातून कुणी उघडायची वाट पाहतो, याचं मला फार वाईट वाटतं.

ओव्या निनावी राहिल्या म्हणाले, त्याला एक थोर अपवाद आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हजाराहून अधिक गावांतून. ओवीबरोबर त्यांनी गाणारीचं नाव आणि गाव लिहून ठेवलं. आता त्यातल्या कित्येक ओव्या ‘पारी’ या संकेतस्थळावर आवाजासकट ऐकता येतात, गाणारीच्या नावासह. हे संकलन करणाऱ्यांनी शतकांची चाल मोडली. जिने म्हटलं तिचं ते आहे, एवढं त्यांनी मान्य केलं, आणि तेवढ्याने ती म्हातारी लोकसाहित्याचा नमुना न राहता कवयित्री झाली.

आज जातं कोपऱ्यात गेलंय. गिरणीत ओवी म्हणता येत नाही, पट्ट्याच्या आवाजात शेजारणीचं बोलणंही ऐकू येत नाही. पण गावातल्या मुलीच्या हातात मोबाइल आहे, त्यात ध्वनिमुद्रणाची सोय आहे, आणि तिच्या कानात आराधी गाण्याची लय, कीर्तनाचा ठेका, सीमेपलीकडून येणारी कन्नड चाल आणि इंग्रजी गिटार सगळं एकत्र नांदतंय. तिला उद्या एखादीवरचं गाणं सुचलं आणि तिने ते कुठल्याशा घेतलेल्या नावाने लोकांपुढे सोडलं, तर ते नावही खरंच मानलं पाहिजे. इंडिगो गर्ल्स हेही शब्दकोशातून उचललेलं नावच आहे. बापाचं, नवऱ्याचं, गुरूचं नाही, तिने स्वतः निवडलेलं, एवढं पुरे. त्या नावाने तिला दाद द्यावी, त्या नावाने गणपतीत किंवा कॉलेजच्या गॅदरिंगला बोलवावं, मानधनाचं पाकीट त्याच नावाने द्यावं, आणि ती कुणाची लेक, कुठल्या गल्लीतली, हे शोधत फिरणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवावं.